ओढ आणि धांव : मराठवाड्यांतील अवजड मोटारींचा कॅमशाफ्ट

मोटारीचें वर्णन करतांना लोक प्रथम तिच्या अश्वशक्तीचा आंकडा सांगतात, आणि ऐकणाराहि त्या आंकड्यावर समाधान मानतो. लातूरच्या आडत बाजारांतून तुरीचीं पोतीं भरून नांदेडच्या वाटेला लागलेल्या मालमोटारीच्या चालकाला मात्र त्या आंकड्याचें फारसें कौतुक नसतें. भरलेली गाडी चढावर दम धरते कीं नाहीं, आणि चिखलांत रुतलेलें चाक इंजिन बंद न पडतां बाहेर येतें कीं नाहीं, एवढें कळलें म्हणजे त्याला पुरे होतें. अश्वशक्ति आणि दम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यांतील भेद पुष्कळ अंशीं इंजिनाच्या पोटांत फिरणाऱ्या एका लोखंडी दांड्यानें ठरविलेला असतो. त्या दांड्याचें नांव कॅमशाफ्ट. मराठवाड्याच्या रस्त्यांवर १९३२ नंतर ज्या अवजड गाड्या आल्या, त्यांची कथा एका दृष्टीनें या दांड्याच्या निवडीची कथा आहे. आणि त्या निवडीवर भाडें, इंधन, माल आणि प्रसंगीं माणसांचे प्राणहि अवलंबून राहिलेले आहेत.

कॅम ही कल्पना मोटारीहून कितीतरी जुनी आहे. फिरणाऱ्या दांड्यावर एका बाजूस उंचवटा ठेवला कीं तो दर फेऱ्याला शेजारची वस्तु उचलतो आणि पुन्हां सोडून देतो. पाणचक्कीच्या आंसावर असे उंचवटे बसवून हातोडे चालविण्याची रीत प्राचीन चीनमध्यें आणि मध्ययुगीन युरोपांत होती. दियारबकीरच्या दरबारांतील अल्‌-जझरी या यंत्रज्ञाच्या १२०६ सालच्या ग्रंथांतहि कॅम बसविलेल्या दांड्याचा उपयोग आढळतो. मोटारीच्या इंजिनांत या उंचवट्याकडे झडपा उघडण्याचें काम आलें. प्रत्येक सिलिंडरला हवा आंत घेणारी एक आणि जळलेला धूर बाहेर सोडणारी एक, अशा किमान दोन झडपा असतात. पिस्टन खालीं येतांना हवा ओढतो, वर जातांना ती दाबतो, स्फोटानें पुन्हां खालीं ढकलला जातो आणि शेवटीं वर जातांना धूर बाहेर लोटतो. या चार क्रियांत मुख्य दांड्याचे, म्हणजे क्रँकशाफ्टचे, दोन फेरे होतात आणि कॅमशाफ्टचा एक. झडप कोणत्या क्षणीं उघडावी, किती उचलावी आणि किती वेळ उघडी ठेवावी, हें सर्व त्या उंचवट्याच्या आकारांत कोरलेलें असतें. चालकानें पाय कितीहि दाबला तरी तो आकार बदलत नाहीं.

निवडीचा प्रश्न येथूनच उभा राहतो. हवा घेणारी झडप क्रँकशाफ्टच्या २२० अंशांपर्यंत उघडी राहते असें धरावें. इंजिन मिनिटाला १५०० फेरे करीत असतां तिला सेकंदाचा सुमारें चाळिसावा भाग मिळतो. ४००० फेऱ्यांवर शंभराव्या भागाहूनहि कमी वेळ मिळतो. एवढ्या अल्प वेळांत सिलिंडर पुरता भरत नाहीं, म्हणून वेगवान इंजिनाचा कर्ता झडप अधिक काळ उघडी ठेवतो. त्या वेगाला हवेच्या लोटांत आवेग असतो. पिस्टन तळाशीं पोंचून वर वळला तरी हवा आंत येतच राहते, आणि झडप उशिरां मिटणें लाभाचें ठरतें. तीच झडप १५०० फेऱ्यांवर उशिरां मिटली तर मात्र उलट घडतें. हवेच्या अंगीं तो आवेग नसल्यामुळें वर चढणारा पिस्टन नुकतीच घेतलेली हवा आल्या वाटेनें परत ढकलतो. दाब घटतो आणि स्फोट दुबळा होतो. शिवाय दोन्ही झडपा कांहीं क्षण एकदमच उघड्या राहण्याचा जो काळ असतो, तोहि अशा कॅममध्यें लांबतो आणि मंद गतींत जळलेला धूर ताज्या हवेंत मिसळतो. सारांश, कॅमशाफ्ट शक्ति निर्माण करीत नाहीं. ती कोणत्या गतीला हाताशीं यावी, एवढें तो ठरवितो. एका टोकाला मिळविलेलें दुसऱ्या टोकाला द्यावें लागतें. मोटारकारागीर ज्याला टॉर्क म्हणतात ती ओढ मंद गतीला हवी असेल, तर वरची धांव सोडावी लागते.

मराठवाड्याच्या भूमीनें या प्रश्नाचें उत्तर आधींच देऊन ठेवलें होतें. लातूर बालाघाटच्या पठारावर वसलेलें, तर नांदेड गोदावरीच्या कांठीं. दोहोंच्या मध्यें अहमदपूर आणि लोहा या गांवांवरून जाणारा सुमारें १४० किलोमीटरांचा मार्ग पठारावरून खोऱ्यांत उतरतो. परतीच्या वाटेला तोच उतार चढ होतो. भोंवतालची जमीन काळी. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात आणि मृगाचा पाऊस पडला कीं ती चाकाला चिकटते. आगगाडीनेंहि या दोन शहरांना प्रथम जोडलें नाहीं. हैदराबादहून मनमाडकडे जाणारा मीटर रुंदीचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास नांदेडवरून गेला. लातुरास १९११ सालीं पोंचली ती अवघी अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे. दोन मार्ग, दोन रुंदी, आणि मधलें अंतर बैलगाडीच्या हवालीं. तें अंतर तोडण्याचें काम पुढें मोटारीकडे आलें, आणि बैलाकडून जी अपेक्षा होती तीच मोटारीकडूनहि राहिली : हळू चालावें, पण थांबूं नये.

निजामाच्या राज्यांत सरकारी मोटारवाहतुकीचा आरंभ १९३२ च्या जून महिन्यांत झाला. राज्याच्या रेल्वेखात्याच्याच छत्राखालीं हें नवें खातें निघालें. प्रारंभीं त्यांत २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. त्या गाड्या स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं अॅल्बियन कंपनीनें बांधलेल्या होत्या. त्या काळच्या अशा ब्रिटिश बसगाड्यांचीं पेट्रोल इंजिनें साधारणतः मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास आपलें काम संपवीत. यापूर्वीं वीस वर्षें, १९१२ सालीं, फ्रान्सच्या ग्राँ प्री शर्यतींत प्यूजो गाडीनें सिलिंडरांच्या माथ्यावर दोन कॅमशाफ्ट बसवून जय मिळविला होता. ती विद्या जगाला ठाऊक झालेली होती. तरीहि ओझ्याच्या बहुतेक गाड्यांनीं सिलिंडरांच्या कुशींत, खालच्या अंगाला बसणारा साधा कॅमशाफ्टच ठेवला. यांत अज्ञान नव्हतें. गांवोगांव थांबत जाणाऱ्या, दर थांब्याला पुन्हां निघणाऱ्या आणि उतारूंबरोबर टपावर गाठोडीं वाहणाऱ्या गाडीला आरंभींची ओढ हवी होती. दुरुस्तीचें दुकान पन्नास मैलांवर असतां यंत्र जितकें साधें तितकें बरें, हाहि विचार त्यांत होता.

खासगी मालवाहतुकींत त्या सुमारास अमेरिकन लॉऱ्यांचा भरणा झाला. फोर्ड कंपनीनें १९२६ च्या सुमारास, आणि जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें, परदेशाहून आलेल्या सुट्या भागांची जुळणी सुरू केली होती. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें तेव्हां देशांत ठिकठिकाणीं गाड्यांच्या मागें कोळशाच्या भट्ट्या बसल्या आणि त्यांच्या वायूवर इंजिनें चालूं लागलीं. या वायूनें शक्ति बरीच घटे. तथापि मंद गतीला सिलिंडर नीट भरणारें इंजिन त्याहि अवस्थेंत कशीबशी गाडी ओढी. युद्ध संपल्यावर लष्करानें मोडींत काढलेल्या गाड्या व्यापाऱ्यांच्या हातीं आल्या आणि कित्येकांच्या धंद्याचा पाया त्यांवर घातला गेला.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईंत माझगांव येथें महिंद्र कंपनीनें विलीज जीपची जुळणी आरंभिली. आज ज्यांना एसयूव्ही म्हणतात त्या दणकट गाड्यांची ही पूर्वज. तिच्या इंजिनाचे आंकडे या विषयाचा धडाच होत. २.२ लिटरच्या त्या चार सिलिंडरी इंजिनाची अश्वशक्ति ४००० फेऱ्यांवर ६० होती. परंतु त्याची सर्वांत मोठी ओढ, १०५ फूट-पौंड, २००० फेऱ्यांवरच मिळे. हिशेब केला तर २००० फेऱ्यांवर तें इंजिन अवघी ४० अश्वशक्ति देतें, आणि ४००० फेऱ्यांवर साठ देतांना त्याची ओढ सुमारें ७९ फूट-पौंडांवर उतरलेली असते. म्हणजे जाहिरातींतला मोठा आंकडा ज्या गतीला मिळतो, त्या गतीला गाडीचा दम पाऊण झालेला असतो. ओढ्याच्या वाळूंतून किंवा काळ्या मातीच्या गाडवाटेनें जीप निघून जाई, ती ६० अश्वशक्तीच्या बळावर नव्हे; २००० फेऱ्यांना अनुकूल असा कॅम, लांब पल्ल्याचा पिस्टन आणि खालचा गिअर यांच्या जोरावर ती निघे.

यानंतर डिझेलचा काळ आला. टाटांनीं जर्मनींतील डेम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें १९५४ सालीं जमशेदपूर येथें डिझेल मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला; मद्रासजवळ एन्नोर येथील अशोक मोटर्सनें ब्रिटनच्या लेलँड कंपनीशीं हात मिळवून १९५५ सालीं अशोक लेलँड हें नांव घेतलें. या गाड्यांनीं पुढें देशाच्या इतर भागांप्रमाणेंच मराठवाड्याचाहि माल वाहिला. दरम्यान राज्येंहि बदललीं. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, जुन्या निजामी मोटारखात्याचा येथील भाग काहीं काळ स्टेट ट्रान्सपोर्ट मराठवाडा या नांवानें चालला आणि १९६१ सालीं तो महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळांत विलीन झाला.

डिझेलनें कॅमशाफ्टच्या निवडीवर आणखी एक बंधन घातलें. या इंजिनांत ठिणगी नसते; हवा इतकी दाबावयाची कीं तिच्या उष्णतेनेंच इंधन पेटावें. हिंवाळ्याच्या पहांटे इंजिन सुरू करतांना झडप उशिरां मिटून हवा निसटली, तर तें पेटतच नाहीं. पिस्टन वर येतो तो सिलिंडरच्या माथ्याला जवळजवळ टेंकतो. त्या वेळीं झडप फार उघडी असेल तर दोघांची टक्कर होऊन सारें इंजिन मोडण्याचा धोका असतो. वरच्या गतीला गव्हर्नरचा लगाम असतो. जुन्या डिझेल मालमोटारींत तो ३००० फेऱ्यांच्या आंतच ओढला जाई. ज्या गतीपर्यंत इंजिन जाऊंच शकत नाहीं, त्या गतीचा कॅम बसविण्यांत कोणता लाभ? पुण्यास १९६२ सालीं निघालेल्या किर्लोस्कर कमिन्सच्या मोठ्या इंजिनांत तर कॅमशाफ्टवर प्रत्येक सिलिंडरमागें तीन उंचवटे असत : एक हवेच्या झडपांसाठीं, दुसरा धुराच्या झडपांसाठीं आणि तिसरा इंधनाची फवारणी करणाऱ्या इंजेक्टरसाठीं. तेथें दांडा बदलणें म्हणजे इंजिनाचा श्वास आणि आहार दोन्ही बदलणें होय.

कॅमशाफ्ट घडविण्याची विद्याहि पुढें मराठवाड्याच्या वेशीपर्यंत आली. लातूरच्या शेजारीं सोलापूर शहरांत १९९२ सालीं प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी स्थापन झाली आणि येथील कॅमशाफ्ट देशी तसेच परदेशी मोटारकारखान्यांना जाऊं लागले. ओतीव कॅमशाफ्टची एक रीत मोठी मौजेची आहे. वितळलेलें लोखंड वाळूच्या साच्यांत ओततात. परंतु जेथें उंचवटे यावयाचे, तेथें साच्यांत लोखंडाचे थंड तुकडे बसविलेले असतात. त्यांना लागून असलेला रस झटकन्‌ गोठतो आणि तेवढाच पृष्ठभाग कांचेसारखा कठीण होतो. दांड्याचें अंतरंग मात्र घाव सोसण्याइतकें मऊ राहतें. लक्षावधि वेळां झडप उचलूनहि उंचवटा झिजूं नये, यासाठीं हा सारा खटाटोप. कापडगिरण्यांच्या एका जुन्या शहरानें हें सूक्ष्म काम साधावें, ही महाराष्ट्राच्या उद्योगांतील लहान गोष्ट नव्हे.

अलीकडे दणकट गाड्यांच्या हौशी मालकांत अधिक तेज कॅमशाफ्ट बसवून घेण्याची आवड दिसते. पेट्रोल जीपसारख्या गाड्यांसाठीं असे दांडे परदेशांत तयार मिळतात, आणि त्यांच्या वर्णनांत अश्वशक्तीचा वाढलेला आंकडा ठळक असतो. ही हौस वाईट नाहीं. परंतु निवड करतांना इंजिन आयुष्याचा अधिक काळ कोणत्या गतीला घालविणार, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो. त्याचें उत्तर अंदाजानें देण्याचें कारण नाहीं, तें मोजतां येतें. मालमोटारीच्या १०.००-२० आकाराच्या टायरचा व्यास सुमारें १.०५ मीटर आणि घेर सुमारें ३.३ मीटर भरतो. ताशीं ५० किलोमीटर वेगाला असें चाक मिनिटाला सुमारें २५० फेरे घेतें. मागच्या आंसाचें प्रमाण सहास एक असेल, तर थेट वरच्या गिअरमध्यें इंजिनाचे फेरे १५०० होतात. सारा दिवस १५०० फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनाला ३५०० फेऱ्यांनंतर जागा होणारा कॅम बसविणें म्हणजे नांगराला शर्यतीचा घोडा जुंपणें होय.

दुसरा प्रश्न ओझ्याचा आणि तिसरा चाकांचा. गाडी जड, टायर मोठे आणि आंसाचें प्रमाण उंच असेल, तर झडप कमी काळ उघडी ठेवणारा व लवकर मिटणारा कॅमच योग्य. तेज कॅम घ्यावयाचाच तर दाबाचें प्रमाण वाढवावें लागतें, आंसाचे गिअर बदलावे लागतात आणि झडपांच्या स्प्रिंगाहि नव्या घालाव्या लागतात. एका दांड्याच्या खरेदीमागें अर्धें इंजिन बदलतें. पेट्रोल गाडींत दोन्ही झडपा एकदम उघड्या राहण्याचा काळ वाढला कीं इंजिनाच्या नळीतील निर्वात कमी होतो, आणि ज्या गाड्यांच्या ब्रेकला त्या निर्वाताचें साहाय्य असतें त्यांच्या चालकाला घाटाच्या उतारावर पायाखालीं फरक जाणवतो. टर्बो बसविलेल्या इंजिनांत हवा दाबूनच आंत लोटलेली असते. तेथें झडप फार वेळ उघडी ठेवण्याचें प्रयोजनहि बरेंच उरत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असे बदल करण्यास आडकाठी करतें, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या धूरनियमांनंतर इंजिनाच्या अंतरंगांत हात घालणें अधिकच जोखमीचें झालें आहे.

पुष्कळ वेळां तर नवा कॅम हवाच नसतो. गाडीचा दम गेला अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडींत टॅपेटचें अंतर वाढलेलें असतें. झडप उशिरां उघडते, लवकर मिटते आणि पुरती उचलतहि नाहीं. टॅपेट नीट बसविले कीं अर्धा रोग बरा होतो. उंचवटेच घासलेले असतील तर मूळ मापाचा कॅमशाफ्ट घालावा, आणि त्याजबरोबर त्यावर टेंकणारे टॅपेटहि नवे घ्यावे. जुने टॅपेट नवा दांडा अल्पावधींत खाऊन टांकतात.

अवजड गाडीला ओढ कां हवी, याचें उत्तर मराठवाड्यानें दोनदां फार जवळून पाहिलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें जमीनदोस्त झालीं आणि हजारों माणसें मृत्यु पावलीं. पाठोपाठ पाऊस आला आणि काळ्या मातीचे रस्ते चिखलानें भरून गेले. त्या चिखलांतून धान्य, औषधें, ताडपत्र्या आणि ढिगारे उपसण्याचीं यंत्रें घेऊन गाड्यांना गांवापर्यंत पोंचावयाचें होतें. पुढें २०१६ च्या दुष्काळांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें; पहिली गाडी त्या वर्षींच्या एप्रिल महिन्यांत सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन आली. आगगाडीचें पाणी लातूरच्या स्थानकापर्यंतच येई. खेड्यापाड्यांतील तहान तेव्हांहि टँकरच भागवीत होते. दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन वजन, तेंहि टाकींत हेलकावे खाणारें. तें घेऊन टँकर गांवाच्या विहिरीपर्यंत पोंचतो तो पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्यें, हजार-पंधराशें फेऱ्यांच्या आधारानें. तेथें इंजिन बंद पडलें तर त्या दिवशीं गांवाला पाणी नाहीं.

१९३२ च्या अॅल्बियन बसपासून आजच्या टर्बो डिझेलपर्यंत इंधन बदललें, कारखाने बदलले, गाड्यांवरील राज्यांचीं नांवेंहि बदललीं. वेगवेगळ्या गतींना झडपांची वेळ आपोआप बदलणारीं इंजिनें आज प्रवासी गाड्यांत सर्रास दिसतात आणि ओढ व धांव यांतील जुना तंटा बराच मिटवितात. ओझ्याच्या गाडीचें मुख्य मागणें मात्र तेंच राहिलेलें आहे. लातूरचा चढ, नांदेडचा उतार आणि मधली काळी माती यांना किती वेगानें जातां येईल, हें कोणी फारसें विचारीत नाहीं. भरलेली गाडी पोंचेल कीं नाहीं, हें विचारतात. कॅमशाफ्ट निवडणाऱ्यानें अश्वशक्तीच्या आंकड्याआधीं या प्रश्नाचें उत्तर शोधलें, तर त्याचा पैसा वांचेल आणि त्याची गाडीहि वाटेंत उभी राहणार नाहीं.